मराठी कंटेंट रायटिंगचा धंदा: दर, करार आणि वसुली

‘कंटेंट रायटर आहे, काही काम असेल तर कळवा’ असे मेसेज मार्केटिंगवाल्यांच्या फोनमध्ये ढिगाने पडलेले असतात. त्यांना उत्तर येत नाही, कारण समोरच्याला लेखक हवा नसतो. पतसंस्थेला सभेच्या आधी छापलेला अहवाल हवा असतो, बियाणं कंपनीला मृगाच्या आधी दुकानांत पोचलेली पत्रकं हवी असतात, हॉस्पिटलला पेशंटच्या घरच्यांना कळेल असं सूचनांचं पान हवं असतं. मराठीवाचून ज्यांचं अडतं असे लोक शोधायचे आणि त्यांच्या कामाच्या मोसमात त्यांच्यापुढे उभं राहायचं, इथून सुरुवात करा.

पैसे देऊन मराठी मजकूर लिहून घेणारे साधारण असे: खतं-बियाणं-ठिबकवाल्या कंपन्या, सहकारी बँका आणि पतसंस्था, हॉस्पिटलं, सामाजिक संस्था, शैक्षणिक प्रकाशक, सराफ आणि बिल्डर, ॲपचं मराठीकरण करणाऱ्या एजन्स्या, यूट्यूब चॅनेलं. यातली दोन क्षेत्रं निवडा. एक असं, जे तुम्हाला आतून माहीत आहे: घरची शेती, बँकेतली जुनी नोकरी, नर्सिंगचं शिक्षण, काहीही. दुसरं असं, ज्याचं काम पहिल्याच्या सुस्तीत येतं. सगळंच लिहून देणाऱ्याला सगळ्यात स्वस्त काम मिळतं. दिवाळी अंकांत हौसेने लिहा, पण ते महिन्याच्या उत्पन्नात धरू नका.

मोसम पाठ असावा लागतो. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून अहवालाचं लेखन जुलै-ऑगस्टमध्ये चालतं आणि त्याची विचारणा मे-जूनमध्येच करावी लागते. ऑगस्टमध्ये फोन केलात तर मागच्या वर्षीच्या अहवालात आकडे बदलून काम उरकलेलं असतं. खरिपाची पत्रकं मार्च-एप्रिलमध्ये लिहून होतात. सराफ, गाड्या, फ्लॅट यांच्या जाहिराती गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी या मुहूर्तांच्या महिनाभर आधी ठरतात. सामाजिक संस्थांचा जोर जानेवारी ते मार्च, कारण मार्चअखेर निधीचा हिशेब दाखवायचा असतो.

नमुने: तीन पुरेत

काम नाही म्हणून नमुना नाही, आणि नमुना नाही म्हणून काम नाही, या फेऱ्यातून सुटायला कोणाचं फुकट काम करायची गरज नाही. निवडलेल्या क्षेत्रातली बाजारात असलेली तीन माहितीपत्रकं घ्या आणि त्यांचं एकेक पान नव्याने लिहा. जुनं-नवं शेजारी ठेवलं की तुमच्या कामाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

उदाहरणार्थ, फवारणीच्या औषधाच्या पत्रकात सर्रास असं वाक्य असतं: ‘हेक्टरी ५०० मि.ली. उत्पादन ५०० लिटर पाण्यात मिसळून फवारणी करावी.’ यात व्याकरणाची चूक नाही, पण शेतकरी हेक्टरमध्ये विचार करत नाही. तो एकर आणि पाठीवरचा पंप मोजतो. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. लिटरला १ मि.ली. हे प्रमाण धरलं तर वाक्य असं होतं: ‘१५ लिटरच्या पंपाला १५ मि.ली. औषध. एकराला सुमारे २०० लिटर पाणी, म्हणजे साधारण १३ पंप.’ हे गणित मांडून दाखवणारा लेखक कंपनीच्या मार्केटिंग मॅनेजरला लगेच समजतो. मात्र असे बदललेले आकडे कंपनीच्या कृषितज्ज्ञाकडून ईमेलवर मंजूर करून घेतल्याशिवाय छापायला द्यायचे नाहीत. कीटकनाशकांच्या लेबलवरची पिकं, मात्रा आणि दावे मंजूर झालेले असतात. त्यात ‘सर्व पिकांसाठी उपयुक्त’ असं स्वतःच्या पदरचं काही घालणं अंगाशी येतं.

प्रत्येक क्षेत्राला अशी एखादी कायद्याची चौकट असते आणि ती माहीत असणं हाच तुमच्या दराचा आधार. बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. आयुर्वेदिक उत्पादनाच्या मजकुरात ‘मधुमेह मुळासकट बरा’ लिहायला क्लायंट सांगेल. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा अशा जाहिरातीला मनाई करतो. नकार देताना कायद्याचं नाव घेतलं की वाद होत नाही. उलट पुढची कामं तुमच्याकडून तपासून घेतली जातात.

पहिला निरोप छोटा आणि नेमका असावा. असा:

‘नमस्कार. आपल्या ठिबक संचाच्या देखभालीचं पत्रक वाचलं. ॲसिड ट्रीटमेंटची कृती सलग एका परिच्छेदात असल्याने शेतात उभं राहून वाचताना पायरी सापडत नाही. ते पान पायऱ्यांत मांडून सोबत जोडलं आहे. उपयोगाचं वाटलं तर उरलेल्या सात पानांचं कोटेशन पाठवतो.’

आठवड्याला असे पाच निरोप पुरेत. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवणं बंद करा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण, मग पुढच्या मोसमात पुन्हा.

दर शब्दावर नाही, तासावर काढा

इथे बहुतेकांचं बिनसतं. बाजारात काय चाललंय ते विचारून दर ठरवला की तो बाजारातल्या सर्वांत गरजू माणसाचा दर निघतो. आधी आपला तास किती रुपयांचा, ते काढा.

समजा घरखर्च ३५,००० रुपये, वीज-इंटरनेट-फोन २,०००, आरोग्य विम्याचा महिन्याचा वाटा १,५००, लॅपटॉप बदलण्यासाठी बाजूला २,०००, कर आणि कोरडे महिने यांसाठी ७,५००. बेरीज ४८,०००. महिन्याला २२ दिवस काम धरलं तरी दिवसाचे आठही तास बिलात जात नाहीत. फोन, कोटेशन, वसुली, वाचन यांत निम्मा वेळ जातो. दिवसाला चार तास, म्हणजे महिन्याला ८८ तास विकता येतात. ४८,००० भागिले ८८ म्हणजे तासाला साधारण ५४५, ५५० धरा.

आता हजार शब्दांचा लेख: वाचन आणि माहिती काढणं दीड तास, खर्डा दोन तास, काटछाट एक तास, क्लायंटच्या दुरुस्त्या अर्धा तास. पाच तास, २,७५० रुपये, म्हणजे शब्दाला पावणेतीन रुपये. एजन्सी शब्दाला ४० पैसे देऊ करते तेव्हा त्या लेखाचे ४०० रुपये होतात आणि ४८,००० गाठायला महिन्याला १२० लेख लिहावे लागतात. पाच तासांनी ६०० तास झाले. तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात ७२०. त्या दरात टिकणारे लोक पाच तासांचं काम पाऊण तासात उरकतात, आणि क्लायंटला तेच मिळतं.

म्हणून शक्य तिथे शब्दाचा दर सांगूच नका, कामाची एकरकमी किंमत सांगा. आठ पानी पत्रकाला माहिती गोळा करायला दोन तास, तज्ज्ञाशी फोन एक तास, लेखन सहा, दुरुस्त्या दोन, प्रूफ दोनदा मिळून तीन: चौदा तास, ७,७००. त्यावर पंचवीस टक्के, कारण काम नेहमी फुगतं. कोटेशन ९,६०० च्या आसपास. क्लायंटने घासाघीस केली तर किंमत सोडू नका, काम कमी करा: ‘८,००० मध्ये सहा पानं आणि दुरुस्तीची एकच फेरी.’ मुकाट्याने किंमत उतरवली की पुढच्या वेळी तोच तुमचा दर समजला जातो.

भाषांतरात मात्र शब्दाचा दर टळत नाही. तिथे एक गोष्ट कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा: मोजणी मूळ इंग्रजी शब्दांची. ‘ऑन द टेबल’ हे तीन शब्द मराठीत ‘टेबलावर’ या एका शब्दात बसतात. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं जोडून येत असल्याने इंग्रजी मजकूर मराठीत शब्दसंख्येने साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाने आटतो. दहा हजार शब्दांचं मॅन्युअल दोन रुपये दराने घेतलंत आणि बिल मराठी शब्दांवर निघालं, तर तीन-चार हजार रुपये तिथेच गेले.

‘मजकूर तयार आहे, फक्त जरा नजर घाला’

हे वाक्य हल्ली रोज ऐकू येतं. तयार मजकूर म्हणजे एआयने काढलेला खर्डा, आणि ही ‘नजर’ दर शब्दामागे पंधरा पैशांत हवी असते. असं काम सरसकट नाकारायचं कारण नाही, पण न बघता दर सांगू नका. मधल्या पानांतले ३०० शब्द मागून घ्या (पहिलं पान क्लायंटने सुधारलेलं असतं) आणि घड्याळ लावून दुरुस्त करा. नव्याने लिहायला लागतो त्याच्या साठ टक्क्यांहून जास्त वेळ लागला तर नव्या लेखनाचाच दर सांगा.

वेळ कुठे जातो ते माहीत असू द्या. ‘प्रदान करते’, ‘सुनिश्चित करा’, ‘च्या द्वारे’ हे दिसतं तरी आणि बदलताही येतं. घातक चुका गुळगुळीत वाक्यांत दडलेल्या असतात: ‘५ दशलक्ष’ असं लिहिलेलं, जे वाचकाला ५० लाख म्हणून हवं होतं, सरकारी योजनेचं हिंदी नाव जसंच्या तसं, अस्तित्वात नसलेली अट, एकाच यंत्राला वरच्या परिच्छेदात ‘ते’ आणि खाली ‘ती’. तथ्यं तपासणं दरात आहे की नाही, हे आधीच लिहून ठेवा. नाहीतर चुकीच्या व्याजदराचं खापर ‘नजर घालणाऱ्या’वर फुटतं.

काम घेतानाचं ईमेल

वकिली करार लागत नाही. एक ईमेल आणि त्यावर क्लायंटचं ‘मंजूर’ एवढं पुरतं. फोनवर ठरलं असलं तरी त्याच दिवशी लिहून पाठवायचं. त्यात हे मुद्दे यावेत:

काय द्यायचं, किती पानं किंवा शब्द, दहा टक्के कमी-जास्त चालेल. माहिती कोण पुरवणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. ती जितके दिवस उशिरा येईल तितके दिवस आपली तारीख पुढे. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, मजकूर मिळाल्यापासून सात दिवसांत, सगळ्यांच्या सूचना एकाच माणसाकडून. हा शेवटचा मुद्दा संस्थांच्या कामात जिवाचा आहे: अध्यक्ष एक सांगतात, सचिव दुसरं, आणि दोघांचेही व्हॉट्सॲप ऑडिओ रात्री येतात. विषय किंवा मांडणी बदलली तर ती दुरुस्ती नाही, नवं काम. नव्या क्लायंटकडून ५० टक्के ॲडव्हान्स, उरलेले बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांत. काम मध्येच थांबलं तर झालेल्या कामाचे पैसे.

आणि हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेला लेखक साधारणपणे आपल्या मजकुराचा पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर सहीनिशी लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. व्यवहारात माहितीपत्रकाचे हक्क क्लायंटलाच देऊन टाकावेत, तुम्हाला त्यांचा उपयोग नाही. पण वाक्य असं लिहा: ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क आपल्याकडे जातील.’ पैसे अडले तर तुमच्या हातात एवढं तरी राहतं. पाठ्यपुस्तकं, अभ्यासक्रम, ऑडिओ मालिका यांत मात्र घाई नको. तिथे मजकूर वर्षानुवर्षं विकला जातो, तेव्हा मुदत आणि माध्यम मोजून द्या. नमुना म्हणून दाखवायची परवानगीही याच ईमेलमध्ये मागा. नंतर कोणी देत नाही.

बिल आणि वसुली

बिलावर क्रमांक, तारीख, तुमचं नाव-पत्ता, पॅन, कामाचं वर्णन, रक्कम, पैसे देण्याची शेवटची तारीख, बँक खातं आणि आयएफएससी. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते, आणि त्या मर्यादेपर्यंत परराज्यातल्या क्लायंटसाठीही ती सक्तीची नाही. एजन्सी ‘जीएसटी नंबरशिवाय घेत नाही’ म्हणाली तर ते तिचं धोरण आहे, कायदा नाही.

कंपन्यांकडे बिल पाठवण्याआधी व्हेंडर म्हणून नोंद व्हावी लागते: पॅन, रद्द केलेला चेक, उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचं). ही कागदपत्रं काम सुरू करतानाच पाठवा. बिल थकण्याचं निम्मं कारण ‘व्हेंडर कोड तयार नाही’ हेच असतं आणि ते महिनाभराने कळतं. ज्याने काम दिलं तो मार्केटिंगचा माणूस पैसे देत नाही, अकाउंट्सवाला देतो. त्याचं नाव आणि ईमेल पहिल्या दिवशी मागून घ्या.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर, सरकारी पोर्टलवर, मोफत होते. पैसे मागणारी वेबसाइट दलालाची समजा. या नोंदणीचा उपयोग मोठा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या (एमएसएमई) २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि ठरली नसेल तर १५ दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदतीत पैसे न दिल्यास त्या खर्चाची आयकरातली वजावट कंपनीला त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करून ‘तुम्ही एमएसएमई आहात का’ विचारतात. नोंदणी काम घेण्याआधी करा, आधीच्या बिलांवर तिचा हक्क सांगायला गेलं की वाद होतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा.

थकलं तर: मुदतीच्या दिवशी साधी आठवण, सात दिवसांनी अकाउंट्सला ईमेल आणि फोन, पंधरा दिवसांनी व्याजाच्या कलमाचा उल्लेख करून पत्र, आणि चालू काम बंद. त्यापुढे थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. खरं सांगायचं तर आठ हजारांसाठी एवढं कोणी करत नाही आणि करूही नये. लहान कामाचं संरक्षण म्हणजे ॲडव्हान्स, तक्रार नाही. ॲडव्हान्सवरून कुरकुर करणारा क्लायंट उरलेल्या रकमेवरूनही करतोच.

कराबद्दल थोडक्यात. व्यावसायिक फी म्हणून एका क्लायंटकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त मिळाले (एप्रिल २०२५ पासूनची मर्यादा) तर कंपनी १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापते. ते पैसे बुडाले असं समजून सोडून देणारे बरेच आहेत. आयकर पोर्टलवर आपल्या पॅनवर तो जमा दिसतो का, ते दर तिमाहीला पाहा. दिसला नाही तर चूक बहुधा पॅनच्या एखाद्या अक्षराची असते. रिटर्न भरलं की जादा कापलेला परत येतो. अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीत (जमेचा ठरावीक टक्का नफा धरून कर भरायची सोय) व्यवसायांची ठरावीक यादी आहे. तिच्यात चित्रपटांचे कथा-पटकथा-संवादलेखक येतात, कंटेंट रायटरचं नाव नाही. म्हणून पन्नास टक्के धरायचे की सहा-आठ टक्के, हे यूट्यूबवर बघून ठरवू नका, सीएला विचारा. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. नियमित हिशेबवाल्यांना चार हप्त्यांत, अंदाजित उत्पन्नवाल्यांना १५ मार्चपर्यंत एकदाच.

मजकूर हवाली करताना

लिहायचं युनिकोडमध्येच. इनस्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड) शिकायला दोन-तीन आठवडे लागतात आणि मग हात फोनेटिकपेक्षा वेगाने चालतो. अडचण छापखान्यात येते. बऱ्याच प्रेसमध्ये अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये पानं लावतात आणि युनिकोड मजकूर रूपांतर करून घेतात. त्यात नेमकं काय मोडतं ते ठरलेलं आहे: ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’ यांतला ‘ऱ्य’, ‘ॲडव्हान्स’मधला ‘ॲ’, रफार, आणि अवतरणचिन्हं. म्हणून वर्ड फाइलसोबत पीडीएफ द्या आणि पानं लागल्यावरचं प्रूफ स्वतः वाचायची अट ठेवा. प्रूफमध्ये आधी याच चार गोष्टी शोधा, मग मथळे, मग फोन नंबर. मथळे आणि फोन नंबर कोणी वाचत नाही, सगळे गृहीत धरतात.

पतसंस्थेच्या अहवालात आणखी एक काम असतं. मनोगत जुलैमध्ये लिहिलं जातं, लेखापरीक्षकांचे अंतिम आकडे नंतर येतात, आणि मनोगतात ठेवी १२० कोटी तर ताळेबंदात ११८ कोटी असं छापून जातं. सभेत नेमका तोच फरक दाखवत एखादा सभासद उठतो. त्यासाठी मजकुरात आलेला प्रत्येक आकडा पान क्रमांकासह एका वेगळ्या शीटवर उतरवा. छपाईच्या आदल्या दिवशी ती शीट सचिवांकडे पाठवून प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण आणि खाली सही घ्या.

जुन्या क्लायंटचा दर वाढवायचा तर फेब्रुवारीत ईमेलने कळवा, एप्रिलपासून लागू करा. त्यांचं नव्या वर्षाचं बजेट तेव्हा ठरत असतं. दहा-पंधरा टक्क्यांवर फारसं कोणी बोलत नाही. पहिल्या वर्षी पडत्या दरात घेतलेला क्लायंट मात्र दुपटीवर यायचा नाही. त्याला हातातलं काम पूर्ण करून द्या, दोन महिन्यांची मुदत द्या आणि त्या तासांत नवं काम शोधा.